मालनच्या पाठीमागची तलवार

शनिवार पेठ, कोल्हापूर
ता. ३ एप्रिल १९७४

चि. सौ. तानाबाईस आक्काचे अनेक आशीर्वाद.

आकाराम सोमवारी कळंब्याच्या तुरुंगातून सुटला. बातमी पक्की आहे. बांगड्यावाल्या अमीरबीनं त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला चुडा भरला, तेव्हा तो समोर उंबऱ्यावर बसला होता. गल्लीत दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. मटकेवाल्यानं आपली खुर्ची बोळात आत ओढली आहे. सिनेमाची तिकिटं काळ्या बाजारात विकणारी पोरं एकाएकी देवळात दिसू लागली आहेत.

माझ्याकडं तो अजून आलेला नाही. येईल. आपल्याला पाठीला भाऊ नाही म्हणून भाऊबीजेला त्याला पाटावर बसवला तो मी. तू तेव्हा परकर सावरत माझ्यामागं उभी होतीस. त्या दिवसापासून तालमीतल्या एकानंही आपल्या दारावरून जाताना शीळ घातली नाही. लोक त्याच्या चपलेची करकर ऐकून विड्या विझवायचे आणि मी त्याला खुशाल रागवायची. पेठेत तेवढी छाती माझी एकटीचीच होती.

पण अमीरबीनं आणखी एक सांगितलं, ते ऐकून तिच्या हातातली बांगडी माझ्या मनगटावर पिचली. म्हणे तू त्याला मालनच्या लग्नाचं बोलावणं धाडलंस, आणि नवरीच्या मागं तलवार धरून मामा म्हणून तोच उभा राहणार. तुला माहीत आहे, माझ्या शालनच्या लग्नादिवशी सकाळीच त्याला चौकीवर नेला होता. शाहूवाडीचा चुलतमामा आयत्या वेळी उभा केला. त्याला मंगलाष्टकात दोनदा शिंका आल्या आणि तलवारीच्या टोकाचं लिंबू भटजींच्या मांडीवर पडलं. माझ्या लेकीला शिंकणारा मामा, आणि तुझ्या लेकीला आकाराम!

शिवाय व्याह्यांचा विचार केलास का? पानपट्टीवाल्या पिराजीचा हात त्यानं मोडला, तो अजून सरळ होत नाही. हे वडगावात कळलं तर? मी आपलं काळजीनं लिहिते. मनात दुसरं काही नाही.

लोभ आहेच, सध्या जरा आंबट आहे, इतकंच.
तुझी आक्का

•

पेठ वडगाव
ता. ९ एप्रिल १९७४

ती. सौ. आक्कास तानाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. काळजी कुठंच सापडली नाही, बाकी सगळं सापडलं.

होय, बोलावणं मी धाडलं. पाटावर तू बसवलास हे खरं. पण ओवाळायची वेळ आली तेव्हा त्याच्या मिशा बघून तुझ्या हातातलं ताट थरथरलं, निरांजन विझलं आणि तू दाराआड गेलीस. ओवाळला तो मी. मला नळावर अडवणाऱ्याला त्यानं महिनाभर आपल्या घरच्या घागरी भरायला लावल्या, ते काय उगीच? तू मात्र आजवर सगळ्या पेठेला तो तुझा भाऊ म्हणून सांगत आलीस. आणि मी कोण? परकर सावरणारी!

पिराजीचा हात मीही पाहिला आहे. तो विसरण्यासारखा नाही. पण तुला तो आजच आठवला, मालनचं लग्न ठरल्यावर.

आता एक सांगते. सांगणार नव्हते, पण तू शिंकेचं काढलंस. शालनच्या लग्नादिवशी आकाराम चौकीवर नव्हता. नवा फेटा बांधून तो मांडवासमोरच्या दुधाच्या कट्ट्यावर बसला होता. अक्षता पडेपर्यंत बसला. समोर धार काढलेल्या दुधाचा पेला तसाच राहिला, म्हशीवाल्यानं पैसेही मागितले नाहीत. आदल्या दिवशी भाऊजींनी त्याच्यासमोर हात जोडले होते, की मुलाकडची माणसं शिकलेली आहेत, तेवढं येऊ नको. तुला हे ठाऊक नव्हतं असं मी धरून चालते.

माझ्या अडचणीला मात्र कुणी वाली नाही. सुटताना त्याच्याकडून लिहून घेतलंय, वर्षभर हत्याराला हात लावायचा नाही. इकडं मालनचे चुलतसासरे हंबीरराव गावभर सांगत सुटलेत, की आमच्या सुनेच्या मागं आकाराम पैलवान तलवार घेऊन उभा राहणार, पावणं, बघायला या. तलवार नसेल तर त्यांचं नाक जातं. आकारामनं धरली तर तो पुन्हा आत. दुसऱ्या कुणाच्या हाती दिली तर बोलावून त्याचा अपमान, तोही दुसऱ्यांदा. तू थोरली. सांग काय करू.

राग आटोपल्यावर उत्तर दे. मी वाट बघते.
तुझी ताना

•

शनिवार पेठ, कोल्हापूर
ता. १७ एप्रिल १९७४

चि. सौ. तानास आशीर्वाद.

तुझं पत्र यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचत वाचत यांनी दोन भाकरी संपवल्या. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून, व्हय म्हणाले. मास्तर माणूस, एरवी शुद्ध बोलतात. तेव्हापासून मी यांच्याशी बोलत नाही. भाजीत मीठ किती ते त्यांनी खाऊन ओळखावं.

आकाराम परवा आला. चपलेची करकर नाही, मिशा पांढऱ्या, आणि बसला उंबऱ्याबाहेर. मी रागानं विचारलं, तानीच्या लेकीचा मामा होतोस, माझी लेक काय वाटेवर पडली होती का? तो म्हणाला, आक्का, तुमी येऊ नगं म्हटलासा, म्या आलो न्हाय. तानी ये म्हनाली, जातो की. त्यात मला काय कळतंय? एवढं साधं बोलला, की मला तुझा आणखीच राग आला.

मग आपणहून सांगू लागला, की सुटल्यावर आधी पिराजीच्या पानपट्टीवर गेलो. त्यानं डाव्या हातानं पान लावून दिलं. ते खाता येईना, अजून कोपरीच्या खिशात हाय. तलवारीचं काढलं तर मान खाली घालून म्हणाला, आक्का, आता धरवत बी न्हाय.

ताना, मी रात्र त्यावर काढली. हेवा वाटतो, तो वाटतच राहणार. मालनच्या मागं तो एकटा उभा आणि मी बायकांत बसून बघते आहे, हे मला सोसणार नाही. म्हणून थोरली सांगते ते ऐक. आमच्या देवघरात खंडेनवमीला पुजतो ती तलवार आहे. मामानं नुसतं लिंबू हातात घ्यावं आणि नवरीवरून नजर काढू नये. त्याच्या शेजारी तलवार मी धरीन. मावशीनं धरू नये असं कुठल्या शास्त्रात आहे ते भटजींनी दाखवावं. माझ्याकडून कुणी काही लिहून घेतलेलं नाही. ताट थरथरलं होतं, तलवार थरथरणार नाही. हंबीररावांना म्हणावं, पावणं, आता दुप्पट माणसं बोलवा.

काल हे आकारामच्या दारात गेले. पुन्हा हात जोडले, या खेपेस चला म्हणून. तो फेटा कुठं आहे ते बायकोला विचारू लागला. हे घरी येऊन सांगू लागले, तेव्हा मी पहिल्यांदा बोलले, की मीठ आज बरोबर पडलंय.

पुढच्या गुरुवारी पहिल्या एस.टी.नं आम्ही तिघं निघतो. तलवार धोतरात गुंडाळून मास्तर आणणार आहेत. ओवाळायचं ताट तयार ठेव, पण निरांजन मी लावीन. मग बघू कुणाच्या हातून विझतं.

माया दोघींत वाटून घेऊ, मोठा वाटा माझा.
तुझी आक्का