राजवाड्यात नेसायची चटई

सोमवार, ५ ऑगस्ट
वन्सं येणार! परवाच्या बोटीनं, वावाऊ बेटावरून. गुरुवारी आमच्या गावाची राजवाड्यात भेट द्यायची पाळी — डुकरं, कंद, चटया. नवरा खूश. बहीण येणार ना पाएआची! मी मात्र नाही.

त्यांची नजर माझ्या आईच्या, कमरेला नेसायच्या चटईवर आहे. गेल्या खेपेला हात फिरवत म्हणाल्या होत्या, अशी वीण आता कुणाला जमत नाही. बहिणीनं मागितलं आणि भावानं नाही म्हटलं, असं इथे कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिवणयंत्र गेलं, गाभण डुकरीण गेली — मी ब्र काढला नाही. पण चटई आईनं मरताना माझ्या हातात दिलीय. नाही देणार. नाही म्हणजे नाही!

मंगळवार, ६
चटई गादीखाली सारली. पाएआला पत्ता नाही.

बुधवार, ७
आल्या. आमची सियाले दीड वर्षाची, कुणाकडे जात नाही. आज दिवसभर आत्याच्या कडेवर. बरंच झालं, मला कामाला हात मोकळे मिळाले.

जेवताना म्हणाल्या, "पाएआ, राजवाड्यातून आलो की मला एक मागायचंय." आणि माझ्याकडे बघून हसल्या.

गुरुवार, ८
मेले लाजेनं! राजवाड्यात कमरेला जुनी, विरलेली चटई हवी. जितकी जुनी तितका मान. आणि मी बाजारातली कोरी करकरीत गुंडाळून गेले! फाटकापाशी गावच्या बायका टकामका बघताहेत. आईची कुठे, पाएआनं विचारलं. कीड लागली म्हणून थाप मारली. त्याचा चेहरा पडला.

वन्सं पुढे आल्या. आपली जुनी चटई सोडली, माझ्या कमरेला बांधली, माझी कोरी स्वतः नेसल्या. सगळ्या गावादेखत! मला कुठे बघावं कळेना.

मग हिरवळीवर मांडी घालून बसलो. समोर पांढरा लाकडी वाडा, व्हरांड्यात राजघराण्यातल्या बायका, गावाचा म्होरक्या भेटी अर्पण करतोय, कुणी हूं की चूं करत नाही — आणि सियालेनं भोकाड पसरलं! मी घामाघूम. वन्संनी तिला उचललं, बागेत लांब पाइनच्या झाडांखाली नेलं. तिथेच त्यांच्या खांद्यावर झोपली पोर. कार्यक्रम उरकल्यावर घ्यायला गेले तर झोपेतसुद्धा त्यांची मान सोडेना. माझं लक्ष कुठे होतं? आता मागतील, घरी गेल्या गेल्या मागतील — एवढंच डोक्यात.

शुक्रवार, ९
अजून मागितलेलं नाही. हे वाट बघणं नको झालंय. काल त्यांनी माझी अब्रू राखली आणि मी चोरासारखी लपवतेय! ठरलं. त्यांनी मागण्याआधी मीच देणार. मग काय रडायचं ते रडेन.

शनिवार, १०
चटई त्यांच्यापुढे ठेवली. वन्संनी उलगडली, गालाला लावली, नीट घडी घालून माझ्या मांडीवर परत ठेवली. "तुझ्या आईची आहे गं. तुझ्यापाशीच राहू दे."

मग भावाकडे वळल्या. "मला मूलबाळ नाही, पाएआ. सियाले दे मला."

तो हो म्हणाला.