नवरा शुद्धीवर असल्याची साक्ष

लातूर,
पाडव्याच्या अलीकडचा बुधवार

तीर्थस्वरूप गुरुबसप्पा अण्णास,

तुझ्या धाकट्या बहिणीचे, शिवगंगेचे, शरणार्थ. इकडे आम्ही सगळे जागच्या जागी आहोत, आणि जमीनही हल्ली जागच्या जागी आहे, म्हणजे खुशालच म्हणायचं. तुझे गुडघे काय म्हणतात? भोकरला ऊन लई तापलं असेल, डोक्याला रुमाल बांधत जा. आता मूळ गोष्ट. मी काडीमोड घ्यायला निघाले होते हे तुझ्या कानावर आलं असेलच (आपल्या आत्याला सांगितलेली गोष्ट आधी सगळ्या जिल्ह्याला कळते, मग आत्याला). पण आत्यानं शेवट न ऐकताच फोन ठेवला असणार. म्हणून सगळं माझ्या हातानं लिहून राहिले.

तुला ठाऊकच आहे, भूकंप झाल्यापासून आमचे हे छताखाली झोपत नाहीत. तेव्हा सगळं लातूरच अंगणात निजायचं, त्यात नवल नव्हतं. मग लोक भीत भीत आधी ओसरीत, मग खोलीत, मग गाढ झोपेत गेले. हे मात्र लिंबाखालच्या बाजेवर राहिले ते राहिलेच. पावसाळ्यात अंगावर ताडपत्री. पुढं क्लासचं पीक आलं. गल्लीबोळात फिजिक्स, केमिस्ट्री, आणि प्रत्येकाला पाटी पाहिजे, म्हणून ह्यांच्या ब्रशाला उसंत राहिली नाही. मीही हट्टानं स्लॅबच्या दोन खोल्या काढून बारावीच्या पोरी ठेवल्या. दुपारी घर कसं होतं सांगू? पोरी डोळे मिटून सूत्रं घोकतात, लिंबाचा मोहर पडत राहतो, टर्पेंटाइनचा वास तरंगतो, आणि त्या सगळ्याच्या खाली हे आभाळाकडं बघत पडलेले. पोरींचे वडील यायचे, बाजेकडं बघायचे, विचारायचे, हे कोण? मी म्हणायची, घरमालक. ते हसायचे. मला वाटायचं, मी खरं सांगितलं तर लोकांना विनोद का वाटतो?

शेवटी एक दिवस डोक्यावर पदर घेऊन मी निजामोद्दीन वकिलांकडं गेले. (फार सभ्य माणूस. अशिलाला आधी चहा देतात, मग कायदा.) मी म्हटलं, एका छताखाली राहत नाही तो नवरा कसला? ते म्हणाले, ‘‘बाई, छत सोडलं म्हणजे बायको सोडली असं होत नाही. जेवतात कुठं?’’ मी म्हटलं, घरात. ‘‘बोलतात?’’ म्हटलं, विचारलं तर. त्यांनी निःश्वास टाकला. दोघांच्या राजीखुशीनं वेगळं व्हायचं तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्ज दिल्यावर पुन्हा सहा महिने विचार करावा लागतो, असं त्यांनी समजावलं. (लग्न ठरवताना आपल्या अप्पांनी अर्धा तास विचार केला होता.) मी म्हटलं, ह्यांना राजीखुशी विचारायची तर आधी खाली उतरवावं लागेल. मग वकिलांनी छळाच्या कलमाखाली कच्चा अर्ज लिहिला, त्यात एक वाक्य होतं, ‘सामनेवाला सदैव धुंदीत असतो.’ मला ते फार आवडलं. अगदी ह्यांचा फोटो काढल्यासारखं.

मी परत आले तर दारात पोलीस. झालं होतं असं, की ह्यांनी चौकातल्या एका क्लासची भलीमोठी पाटी सकाळी पुरी केली, लुनावर बसले, आणि जाता जाता ‘यश’ मधल्या ‘श’ कडं वळून बघत राहिले. लुना सरळ हवालदाराच्या छत्रीत गेली. हवालदार वाचला, छत्री गेली. ह्यांच्या अंगाला थिनरचा वास, डोळे लाल, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘‘गाठ जरा खाली पाहिजे होती.’’ मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फरशीवरच्या रेघेवरून चालायला लावलं, तर हे खाली बसले आणि म्हणाले, ही रेघ सरळ न्हाई. डोळे मिटून नाकाला बोट लावा म्हटलं, तर डोळे मिटले ते उघडेचनात. बरं वाटून राहिलं म्हणाले.

रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात दारूचा थेंब नव्हता. मला वाटलं सुटलो. पण सरकारी वकील म्हणाले, दारू नसेल तर दुसरी कसली नशा असेल, रंगवाले थिनर हुंगतात, त्यालाही तेच कलम लागतं. आता ह्यांच्या बाजूनं उभे कोण, तर निजामोद्दीनच, कारण सगळ्या लातुरात मला दुसरा वकील माहीत नव्हता. त्यांनी मला बाजूला घेतलं. कपाळावर घाम. ‘‘बाई, घरातलं माणूस म्हणून तुमची साक्ष पाहिजे. पण एका कोर्टात हा माणूस शुद्धीवर असतो म्हणायचं आणि दुसऱ्या कोर्टात सदैव धुंदीत असतो म्हणायचं, असं नै चलत. मी एकच अर्ज चालवीन. कोणता, ते आज सांगा.’’

मी व्हरांड्यात जाऊन बाकड्यावर बसले. शेजारी हे. बाहेर पांढरंफेक ऊन, कडुनिंबाखाली वकिलांचे काळे कोट वाळत घातल्यासारखे दिसत होते, आणि आतून कोणाकोणाची नावं पुकारली जात होती. ती ऐकता ऐकता हे एकदम बोलायला लागले. म्हणाले, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांवर मी नावं टाकायला गेलो होतो, आठवतं? मला आठवत होतं, सरकारी काम मिळालं म्हणून मी पेढे आणले होते. म्हणाले, दारावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची होती. एका दारात बाई उभी होती. तिनं एक नाव सांगितलं. मी लिहिलं आणि म्हटलं, पुढचं सांगा. ती म्हणाली, एवढंच. मी जागा सोडली होती ना शिवगंगा, चार-पाच नावांची. ती जागा तशीच राहिली. रात्री छताखाली आलो की ती रिकामी जागा वरती दिसते. आभाळात जागा कितीही मोकळी असली तरी काही वाटत न्हाई.

अण्णा, एवढी वर्षं मी समजत होते, हा माणूस काहीच बघत नाही. आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की, बाबा, वरती काय बघतोस? बाजेवरून खाली उतर एवढंच म्हणत होते.

तेवढ्यात पुकारा झाला. मी पिंजऱ्यात चढले. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं, आणि घाबरल्यामुळं म्हण किंवा कशामुळं म्हण, माझ्या तोंडून निघालं, ‘‘निळ्या अक्षराला पांढरी कड, धोंडप्पांचं नाव घ्यायला मला नाही जड.’’ सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी चष्मा पुसला. सरकारी वकिलांनी विचारलं, तुमचे मालक नेहमीच असे असतात का? मी म्हटलं, ‘‘हाव. शुद्धीवर असले की असेच असतात. साहेब, हे प्यायले असते तर रस्त्याकडं बघून चालले असते.’’ नशेचं कलम गळून पडलं. छत्रीबद्दल ह्यांनी आपणहून चूक कबूल केली, त्याचा दंड भरला, आणि हवालदाराला नवीन छत्री देताना तिच्यावर त्याचं नाव टाकून दिलं. तो खूश.

आता हे ओसरीत निजतात. म्हणजे कमरेपर्यंत पत्र्याखाली आणि डोकं उघड्यावर. कायद्यात याला काय म्हणतात विचारलं, तर वकील म्हणाले, अजून नाव नाही. मी दुपारची शेजारी जाऊन बसते. बोलणं फार होत नाही. ढग जातात. आतल्या पोरी प्रकाशाचा वेग घोकत असतात, आणि आम्हाला कसलीच घाई नसते.

सर्वांना यथायोग्य. उत्तर पाठवू नकोस, कारण पुढं वाच.

तुझी,
शिवगंगा

ता. क. वकिलांनी कच्चा अर्ज फाडू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते एक वाक्य कापून मला द्या, बाकीचं फाडा.

दुसरा ता. क. कावेरीबाई वैनी माहेरी गेल्यात असं तू गावात सांगून राहिला आहेस म्हणे. त्या माहेरी नाहीत. शनिवारपासून इथं आहेत. येताच त्यांनी माझं कौतुक केलं आणि निजामोद्दीन वकिलांचा पत्ता मागितला. वकील लग्नाला उदगीरला गेलेत, रविवारी येतात, असं मी सांगितलंय. (खोटं आहे. ते समोरच्याच गल्लीत आहेत, आणि मी त्यांना रविवारपर्यंत आमच्या दारावरून जायला मनाई केली आहे.) काय बिनसलंय ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही खोदलं नाही, ते विचारायचं काम तुझं आहे, आणि माझ्या मते तू ते आजवर एकदाही केलेलं नाहीस. तेव्हा रविवारच्या आत ये. एकटा ये, आत्याला आणू नकोस. आल्या आल्या ‘चल घरी’ म्हणू नकोस. आधी बस.