बिल्ल्याची लाल बाजू

प्रिय रामेश्वर,

तुमचं जहाज पुन्हा त्याच बेटापाशी येऊन थांबलंय आणि उद्या सकाळी प्रवाशांची दुसरी फेरी उतरणार, असं तुझ्याबरोबर जहाजावर काम करणाऱ्या जहूरने आज कळवलं. वारा पडला तर तुम्हा कामगारांनाही उतरवतील म्हणे. तू स्वतः हल्ली काही लिहीत नाहीस, म्हणून त्याला विचारावं लागतं.

इकडे आखातात, शमालला, उकाडा सुरू झाला. सगळ्यांचे एसी एकदमच बिघडतात आणि मॅनेजर माझ्याच नावाने ओरडतो. तुझ्या खाटेवर आता सुदाम झोपतो. तो तुझ्यापेक्षा मोठ्याने घोरतो, त्यामुळे खोलीत तुझं नाव रोज निघतं.

आईला सांगितलं, त्या बेटावर माणूसच नाही. तर म्हणाली, मग तिथं सांजेला दिवा कोण लावतं? पेंग्विन लावतात, म्हटलं. म्हणे, दोघं भाऊ परदेशी जाऊन जास्तच शहाणे झालात. तुझ्या आर्याला तिथला एक दगड हवा होता. तिथला खडाही उचलायचा नाही, उतरण्याआधी बुटाला चिकटलेलं गवताचं बीसुद्धा ब्रशने काढतात, हे तुझंच सांगणं तिला सांगितलं. मग म्हणाली, पप्पाला सांगा, काही आणू नका, नुसते या.

मागच्या फेरीनंतर तू लिहिलंस, 'दादा, इथं कुणी हाक मारत नाही. परत बोटीत बसू वाटत नव्हतं.' मी ते खोलीत वाचून दाखवलं आणि सगळे हसलो. एवढ्या माणसांच्या खोलीत राहिलेल्याला तसं वाटणारच. आर्याच्या आईला, ममताला, अग्नी दिल्यापासून तू धड बोललाच नव्हतास, म्हणून मला तर बरंच वाटलं.

उरलेलं जहूरने काल सांगितलं. उतरताना प्रत्येकाने जहाजातल्या फळ्यावरचा आपला बिल्ला लाल बाजूला फिरवायचा, परतल्यावर हिरव्या. शेवटची बोट आली तरी तुझा लालच. खलाशी शोधायला गेले, तर तू लाटा फुटतात त्या खडकाच्या टोकाला बसलेला, हाकेला ओ नाही. रामेश्वर, सरळ विचारतो. जीव द्यायचं मनात आलं होतं का? आलं असेल तर मला सांग, मी रागावणार नाही. जहूरला जहाजाच्या डॉक्टरांशी बोलायला मीच सांगितलंय, त्याचा राग माझ्यावर काढ. हे पत्र तो छापून तुझ्या हातात देईल. सकाळी डॉक्टर बोलावतील, जा. उतरायचं की नाही ते ठरवतील. उतरलास तर जहूर सोबत असेल. संध्याकाळी मी त्याला एकच विचारणार आहे, बिल्ला कुठल्या बाजूला आहे.

वाट पाहणारा तुझाच,
रंगनाथदादा