पहिला हार नवरदेवास मिळणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, मुरबाड,
जि. ठाणे.

अर्जदार : शेखर कमळू फर्डे, रा. किन्हवली, ता. शहापूर.

विषय : मौजे जांभूळखोरे येथे दि. २८ जून रोजी, लग्नाच्या पहाटे, गुड मॉर्निंग पथक हलगीसह पाठविणेबाबत.

संदर्भ : गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील चित्रफीत. ती आपणही पाहिली असावी, कारण सगळ्यांनीच पाहिली आहे.

महोदय,

मी जांभूळखोऱ्याचा जावई आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो. पुढचे सगळे त्यातूनच घडले आहे.

१. यंदा धोंड्याचा महिना आला. या अधिक महिन्यात जावयाला बोलावून मान देण्याची आपल्याकडे रीत आहे, त्याप्रमाणे सासूबाई येसूबाई यांनी आम्हांस जेवायला बोलावले. पत्नी सारिका, मुलगी नम्रता व दुसरीत जाणारा मुलगा प्रज्वल यांच्यासह मी आदल्या दिवशीच पोचलो. माझा मेहुणा रितेश याचे लग्न ठरले असल्याने घराला रंग द्यायला काढला होता. हे निमित्त करून त्याने आमची रवानगी वरच्या माळावर, त्याच्या 'आदिम कॅम्पिंग'मध्ये केली. तेथे दिवा नाही, नळ नाही, भिंत नाही, असे तो फलकावर मोठ्या अभिमानाने लिहितो. संडास नाही, हे मात्र लिहीत नाही. पोरे खूश होती हे मी मान्य करतो. चुलीवरची भाकर, झाडभर काजवे, तंबूत उड्या. मी स्वतःदेखील खूश होतो. ते शेवटचे.

२. पहाटे मी निकडीची चौकशी केली असता रितेश म्हणाला, "दाजी, त्या करवंदीच्या जाळीपल्याड जा बिनधास्त. आपलाच रान हाय, कोण येत नाय." आता हे वाचावे. रितेश हा ग्रामपंचायत सदस्य आहे. हागणदारीमुक्तीची तपासणी समिती येणार म्हणून, उघड्यावर शौचास बसणाऱ्यांना पहाटे गाठून टोपी-हार-गुलाब देऊन लाजवणारे गुड मॉर्निंग पथक गावाने नेमले आहे. त्या पथकाची वाट रितेशनेच आखली आहे आणि ती त्याच जाळीवरून जाते.

३. मी मोकळा होऊन परतत असता हलगी वाजली. समोर बचतगटाच्या सावळीबाई, मागे बाया, हातात टोपी, गुलाब आणि झेंडूचा हार. साहेब, आपणच सांगा. महिना धोंड्याचा, गाव सासुरवाडीचे, माणूस जावई. मला दुसरे काय वाटणार? मी पाण्याची बाटली पाठीमागे धरली आणि मान पुढे केली. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण मी भाषण केले. "आपण आज माझ्यात जे पाहिलेत त्याला मी पात्र आहे की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या धोंड्यालाही येईन आणि इथेच येईन," असे मी बोललो. सावळीबाई शेजारणीला म्हणाल्या, "इतर माणसा पळून जातात, नि ह्ये भाषण करतात गो!" मला ते कौतुक वाटले. मी पोरांना तंबूतून हाक मारून फोटोला उभे केले. प्रज्वलने टाळ्या वाजवल्या. सारिका त्याच गावची लेक, तिने एका नजरेत ओळखले आणि ओरडली, "अहो, हार काढा आधी!" मी म्हटले, लाजतेय बिचारी.

४. हे सर्व रितेश आंब्याआडून मोबाइलवर टिपत होता. दुपारी मी जेवायला बसलो तोवर चित्रफीत गावभर झाली होती. पानातले पुरणाचे धोंडे मी तसेच बाजूला सारले. सासूबाईंनी "ऱ्हाव दे रे, जावई हाय आपला," म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण हसत हसत. आमच्या लग्नात याच इसमाने माझा कान पिळला होता. रीत म्हणून मी सोडून दिले. तेव्हाच उलटून पिळायला हवा होता.

५. उघड्यावर बसणे वाईट, हे मला मान्य आहे. पण बसवणारा कोण?

६. मी हेही गिळले असते. परंतु प्रज्वलला अद्याप काही कळलेले नाही. शाळा उघडल्यावर बाईंनी सुट्टीत काय केले विचारले, तेव्हा तो उभा राहून म्हणाला की, माझ्या पप्पांना गावाने बक्षीस दिले. आणि आता रितेश हीच चित्रफीत आपल्या लग्नाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर, आवाजासकट लावणार आहे. सगळे पाहुणे हसतील आणि माझा मुलगा त्यांच्यात बसलेला असेल. साहेब, माझी पोटतिडीक एवढीच आहे. गावात माझे हसे झाले तरी चालेल, पण त्याच्या डोळ्यांत नको.

७. सबब विनंती. ती चित्रफीत लग्नाआधी पुसण्याची समज रितेशला देण्यात यावी. तो ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून दुसरी विनंती. लग्नाचे सगळे वऱ्हाड आणि स्वतः नवरदेव याच तंबूंत उतरणार आहेत, कारण घरात जागा नाही. संडास अजूनही नाही. तरी २८ तारखेला पहाटे पथक त्याच जाळीशी उभे करावे. झेंडू मी आणतो, हलगीवाला मी आणतो. पाहुण्यांना सोडून द्यावे, त्यांचा दोष नाही. पहिला आणि एकच हार नवरदेवाला घालावा, हळद ओली असतानाच, आणि त्याच्याकडून भाषण करून घ्यावे.

मी प्रज्वलला बोट धरून तेथे आणीन. त्याला सांगेन, "बघ, मामालाही मिळाला." मग पडद्यावर काय लावायचे ते लावा. तो दोघांसाठी टाळ्या वाजवील.

आपला नम्र, आणि २८ तारखेपर्यंतच शांत,

(शेखर कमळू फर्डे)
किन्हवली, दि. १९ जून २०२६

सोबत : १) तंबूच्या फलकाचा फोटो. २) हाराचा फोटो. मूळ हार प्रज्वलने देवघराशेजारी खिळ्याला लावला आहे. पार वाळला आहे, पण तो कुणाला हात लावू देत नाही.