लाल शाईतले शंभर

३ जून, सोमवार
विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस. विषय – ‘कृतीतून विज्ञान’. कृती एकच: सहा तास बसणे. प्रशिक्षक दर दहा मिनिटांनी टाळ्या वाजवायला लावतात, म्हणून त्यांना मी ‘टाळीवाले’ म्हणते (मनात). शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या प्रयोगशाळेतलं एक साधन आणायचं, त्यामागची गोष्ट लिहून. निवडक गोष्टी सगळ्या शाळांना जाणाऱ्या पुस्तिकेत छापणार.

शेजारच्या बाई कुजबुजल्या, “माझं साधन म्हणजे माझा आवाज. आणू कसा?”

४ जून, मंगळवार
सापडलं! कपाटाच्या तळाशी आमच्या विज्ञानाच्या सरांचा थर्मामीटर, टोकाला लाल दोरा. हात लागला आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास आला – दिवा नसताना.

याच प्रयोगशाळेत मी नववीत होते. पाणी किती अंशांना उकळतं? आमच्या टेबलावरच्या तिघींनी जर्नलमध्ये शंभर लिहिलं, मी सत्त्याण्णव. सरांनी, बाहीला आम्लाची भोकं पडलेल्या नेहमीच्याच सदऱ्यात, माझं पान उंच धरलं. “बाकीच्यांनी पुस्तक वाचलं. हिनं थर्मामीटर वाचला.”

त्या एका वाक्यावर मी शिक्षिका झाले. सव्वीस वर्षं दर वर्गाला ही गोष्ट सांगते. आज चहाच्या वेळी टाळीवाल्यांना सांगितली, तर डोळे पुसले त्यांनी.

५ जून, बुधवार
लिहायला बसले. सांगताना जीभ घसरत जाते; लिहिताना हात दुसऱ्याच ओळीला अडला.

६ जून, गुरुवार
सरांकडे गेले. ब्याऐंशीचे झालेत, पण खडू धरल्यासारखी बोटं अजून. थर्मामीटर दाखवला. विचारलं, सर, शंभरला सत्त्याण्णव दाखवणारा हा बिघडलेला का ठेवलात?

“तुमच्या आदल्या वर्षी एका मुलीनं सत्त्याण्णव लिहिलं होतं. मी लाल शाईनं शंभर केलं. वर भर वर्गात म्हणालो, विज्ञान तुझं काम नाही. सुटीत तपासला, तर हाच तीन अंश कमी दाखवतो. म्हणून दोरा बांधला, आणि पुढच्या वर्षी मुद्दाम तुमच्या टेबलावर ठेवला.”

“त्या मुलीला सांगितलंत?”

“धीर झाला नाही.” मग खाली बघून, “तुझीच ताई ती. शिवण करते ना अजून?”

आता तुला सांगते, डायरीच्या पाना, कारण तू तोंड मिटून असतंस. नववीत, त्या प्रयोगाच्या दिवशी मी थर्मामीटर पाहिलाच नव्हता. मैत्रिणीशी गप्पा चालल्या होत्या. जर्नल दुसऱ्या दिवशी सकाळी, एक वेणी घालून झालेली असताना, ताईच्या गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलं. निळं तेवढं उतरवलं. लाल शाई उतरवायची नसते, एवढी अक्कल होती.

ताई घरी काही बोलली नाही. दहावीनंतर शिवणक्लास धरला. आजही साधा फॉर्म भरायचा झाला तरी म्हणते, “मला कुठलं कळतंय, तूच बघ, मास्तरीणबाई.” टेप लावला की मात्र मापात सुताचाही फरक नाही.

७ जून, शुक्रवार
टाळीवाल्यांना खरी गोष्ट लिहून दिली. दोनदा वाचली त्यांनी.

“मॅडम, यात प्रेरणा कुठेय? ती मंगळवारचीच द्या ना.”

म्हटलं, छापायची तर हीच.

छापणार नाहीत. माझ्यासाठी टाळ्या मात्र वाजल्या, तालात.

८ जून, शनिवार
ताईकडे. सगळं सांगितलं, उतरवल्याचं आधी, सरांचं नंतर. वाटलं, कात्री फेकेल. ती मशीनवरचा दोरा ओवत राहिली. सुईत गेला नाही, तिसऱ्यांदाही नाही.

“चोरटी,” एवढंच म्हणाली.

निघताना माफी मागायला तोंड उघडलं, तर – “ते राहू दे. थर्मामीटर ठेवून जा.”

९ जून, रविवार
सकाळी सातला ताईचा फोन. “तीनदा उकळलं. सत्त्याण्णवच.” मागे पाणी खदखदत होतं. मग म्हणाली, “मला सरांकडे घेऊन चल. पातेलं मी आणते.”