सेनापती पळाला तो भाग

१२ मार्च

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीनं लिहिलाय, द्यावासा वाटत नाहीये. काल तुझ्या त्या अंतराळातल्या मालिकेचा सातवा भाग पाहिला. सहा भाग तुझा सेनापती मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या हेल्मेटवर टकटक करून माणसं मोजत होता. थेट बाबांसारखा! बाबा अग्निशमन केंद्राचे प्रमुख असताना अशीच माणसं मोजायचे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आणि काल तोच सेनापती एका शिपायाला आगीत टाकून, यानाचं दार लावून पळाला! शेजारच्या काकू चहा अर्धा टाकून उठल्या.

बाबांनी टीव्ही बंद केला. तेव्हापासून धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. तीन वाक्यांच्या भूमिकेसाठी बापाची अब्रू वेशीवर टांगलीस? लाज कशी वाटली नाही रे? पुढच्या पर्वाला नाही म्हण आणि येऊन त्यांचे पाय धर.

तरीही तुझीच,
ताई

१६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी ऐकून तरी घे! पळण्याचं दृश्य पहिल्याच दिवशी उरकलं होतं. धूर सोडला आणि दार लावून पळायला सांगितलं. आत कोण राहिलंय, ते कुणी बोललंच नाही. माझ्यासारख्या चिल्लर नटाला पूर्ण कथा सांगतंय कोण? मोजण्याचं मी नंतर घातलं, बाबांचं म्हणून, अभिमानानं. काल दिग्दर्शकावर ओरडलो, तर म्हणाला, तुझा सेनापती लक्षात कुणाच्या राहणार आहे!

बाबा म्हणाले तर आज काम सोडतो. पण त्यांनी म्हणावं. तू कायम मध्ये का पडतेस?

शिव्या दे, पण पत्र लिहीत जा.
बंड्या

२० मार्च

चि. बंड्यास,
अ. आ.

काम सोडू नकोस. ताईला मी वकीलपत्र दिलेलं नाही, आज तिलाही झापलं. राग तुझा नाही, माझाच मला येतोय.

गोदामाच्या त्या आगीत मी माणसं मोजली, तेव्हा एक कमी होता. छप्पर खाली येत होतं. मी सगळ्यांना मागे घेतलं. अहवालात लिहिलं, की हाका मारूनही तो बाहेर आला नाही. घरीही तेच सांगितलं. बंड्या, मी हाक मारलीच नव्हती.

त्याची आई बावीस वर्षं धरून बसलीय, की आपल्याच पोरानं ऐकलं नाही. रविवारी तिच्याकडे जातोय. तू ये. दारातून मी परत फिरायला लागलो, तर दंडाला धरून आत ने.

वाट पाहतो.
बाबा