अख्ख्या किमतीची परतभेट

कुरोसाकी सरांना चिहायाच्या आईचा नमस्कार.

लाकडी पेटीतलं खरबूज मंगळवारी पोचलं. दुकानात विचारलं, आठ हजार येन. सोबत चिहायाच्या सहीसाठी कोरा पुठ्ठाही मिळाला. आलेली भेट आम्ही आधी ह्यांच्या तसबिरीपुढे ठेवतो. ही ठेवली नाही. पत्र पाचव्यांदा लिहिते आहे. आधीची चार देवघराच्या खणात आहेत.

चिहाया आता टीव्ही मालिकेत काम करते. त्यात ती रडली की शेजारीण म्हणते, "पोहणारी पोर, डोळ्यांतच तलाव घेऊन आली बाई." आपण मात्र तिचे पोहण्याचे प्रशिक्षक म्हणून साप्ताहिकात सांगितलंत, "वडील गेले त्या दिवशीही ती पोहली. ही जिद्द माझी."

जिद्द कसली, सर? तिला ठाऊकच नव्हतं. "हे अत्यवस्थ आहेत, पोरीला पाठवा," असा फोन मी सकाळी नऊला केला. आपण म्हणालात, "हो ताई, लगेच निघेल ती." गाडीला दोन तास लागतात. शर्यत तीनला झाली, हे चारला गेले. पदक गळ्यात पडल्यावर आपण तिला सांगितलंत, "घरून आत्ताच कळवलंय." तेव्हापासून ती माझ्या घरी जेवलेली नाही.

रीतीने निम्म्या किमतीची परतभेट द्यायची असते. मी अख्ख्या आठ हजारांचा चहा पाठवते आहे. अख्खी किंमत परत म्हणजे संबंध संपला, हे आपण जाणता.

पुठ्ठाही कोराच परत येतो आहे. माझा फोन किती वाजता आला ते त्यावर लिहून, खाली आपली सही करून, उलट टपाली पाठवावा.

फुमिए हिरानो